तासाला किती तेल पितं?

कोल्हापूरच्या शिवाजी उद्यमनगरात ऑइल इंजिन घ्यायला आलेला शेतकरी अश्वशक्तीच्या आधी एक गोष्ट विचारायचा, "तासाला किती तेल पितं?" म्हादबा मिस्त्रींसारख्या कारागिरांच्या या गावात यंत्राची किंमत त्या एका उत्तरावर ठरायची. बिटकॉइन मायनिंगच्या यंत्रालाही तोच प्रश्न विचारायचा. तेलाच्या जागी फक्त वीज आली.

हे यंत्र एकच गणित सेकंदाला लाखो कोटी वेळा करतं. ज्याचं उत्तर आधी जुळेल त्याला बक्षीस. एप्रिल २०२४ पासून ते ३.१२५ बिटकॉइन आहे. एक लाख कोटी गणितांना, म्हणजे एका टेराहॅशला, २०१६ च्या अँटमायनर एस-९ ला जवळपास १०० ज्यूल लागत. एस-२१ ला १७.५ पुरतात. तरीही हे मोठं यंत्र दिवसाला ८४ युनिट खातं.

यंत्रात हे गणित करणारी चिप घडवणं कोट्यवधींचं काम आहे, ते इथे होणार नाही. पण तिच्याभोवतीचा बोर्ड इथे नक्की होईल. 'बिटॲक्स' या छोट्या मायनरचा आराखडा सगळ्यांसाठी खुला आहे: तळहाताएवढा बोर्ड, एक चिप, एक पंखा, पाच व्होल्टचा पुरवठा, १७-१८ वॅट. खरी कसोटी व्होल्टेजची. वेग तोच ठेवून व्होल्टेज १० टक्क्यांनी उतरवलं, तर चिपची वीज साधारण १९ टक्क्यांनी घटते, कारण हा खर्च व्होल्टेजच्या वर्गाच्या हिशेबाने चालतो. आणखी उतरवलं की चिप चुकू लागते. ती नेमकी कुठे चुकते हे मीटर लावून, रात्रभर नोंदी ठेवूनच सापडतं.

यातून पैसा मिळेल, असं मी कुणाला सांगणार नाही. जगातल्या सगळ्या यंत्रांचा वेग आता सेकंदाला शंभर कोटी टेराहॅशच्या घरात आहे. त्यात अशा एकट्या बोर्डाला एक ब्लॉक मिळायला सरासरी पंधरा हजारांहून अधिक वर्षं लागतील. दर २०१६ ब्लॉकनंतर गणिताची काठिण्यपातळी बदलते. त्यामुळे सगळ्यांचीच यंत्रं सुधारली की एकट्याचा फायदा उरत नाही, आणि वाचलेली वीज नव्या यंत्रांत जाते. शिवाय २०२२ पासून आभासी चलनाच्या नफ्यावर ३० टक्के कर आहे आणि त्यातून वीजबिल वजा होत नाही. घरातले दागिने गहाण ठेवून यात उतरू नका.

तरीही हा बोर्ड बनवावा, असं मला मनापासून वाटतं. वॅट कुठे गळतो हे शोधायची याहून स्वस्त शाळा नाही. पुरवठ्यात किती गेला, तारेत किती, पंख्याने किती घेतला, उष्णता कुठे अडली, हे ज्याला एका चिपवर कळलं, त्याला शिरोलीच्या फौंड्रीतली इंडक्शन भट्टी वेगळी दिसेल. तिथेही पुरवठा, तार आणि थंड करणारं पाणी यांचाच हिशेब असतो, आणि तिथे वाचलेलं युनिट थेट मालाच्या दरात उतरतं.

म्हणून गोकुळ शिरगावच्या केआयटीतल्या आणि इतर कॉलेजांतल्या पोरांना सांगणं आहे: प्रोजेक्ट विकत आणू नका, एक बोर्ड स्वतः जोडा. कारखानदारांना विनंती: तो चालला की पोरांना तुमच्या भट्टीचं वीजबिल दाखवा.

आणि त्यांना पहिला प्रश्न तोच जुना विचारा: तासाला किती पितं?