अफवा विरली, कबुली कुठंय?

पोलिओचे थेंब पाजले की मुलाला पुढे औलाद होत नाही, मुसलमानांची संख्या घटवायचा हा डाव आहे, ही कुजबुज आता मोहल्ल्यात ऐकू येत नाही. थेंब प्यायलेली पोरं आज बाप झालीत. जानेवारी २०११ मध्ये हावड्यात सापडलेली चिमुरडी ही नैसर्गिक पोलिओची देशातली शेवटची रुग्ण. पण तेव्हा दारं लावून घ्यायला सांगणाऱ्यांपैकी कुणी ‘आम्ही चुकलो’ म्हणालं? मी शिक्षक, मीही ‘कशाला वाद’ म्हणून गप्प बसलो. म्हणूनच २०१८ मध्ये तोच आरोप गोवर-रुबेलाच्या लसीवर आला. २०२२ मध्ये गोवंडी, मालेगाव, भिवंडीत गोवर पसरला. गरिबी, दाटी, अपुरे दवाखाने ही कारणं होतीच. पण आपल्या बंद दारांचं काय?