ड्राफ्ट : माणूस बघावा की जागा?

अमेरिकन फुटबॉल म्हणजे हेल्मेट घालून केलेली मारामारी, असं आपल्याकडे बऱ्याच जणांचं मत आहे. असू दे. मला त्यातला सगळ्यात आवडणारा भाग मैदानावर घडतच नाही. तो घडतो एप्रिलच्या शेवटी, जेव्हा एनएफएलचे 32 संघ कॉलेजमधून बाहेर पडणारी पोरं निवडतात. त्याला म्हणतात ड्राफ्ट.

हा आयपीएलसारखा लिलाव नव्हे. इथे नंबर लागतो. आदल्या मोसमात सगळ्यात वाईट खेळलेल्या संघाचा नंबर पहिला, विजेत्याचा शेवटचा. अशा 7 फेऱ्या. (नंबरांची देवाणघेवाणही चालते, पण ते असो.) निवडलेल्या पोराशी 4 वर्षांचा करार होतो. सगळ्या संघांना सॅलरी कॅप असल्यामुळे चांगला खेळाडू स्वस्तात मिळायची हीच खरी संधी.

आणि दरवर्षी तोच वाद. तुमचा नंबर आला, यादीत सगळ्यात वरचा खेळाडू शिल्लक आहे, पण त्याच्या जागेवर तुमच्याकडे आधीच चांगला माणूस आहे. भोक दुसरीकडेच पडलंय. मग काय करायचं? माणूस घ्यायचा की भोक बुजवायचं?

माझं मत आधीच सांगून टाकतो : माणूस घ्यावा. भोक सप्टेंबरपुरतं असतं, करार 4 वर्षांचा असतो.

उदाहरण 1996 चं. बाल्टिमोर रेव्हन्सचा ड्राफ्टमधला चौथा नंबर. लेफ्ट टॅकल, म्हणजे क्वार्टरबॅकची पाठ राखणारा गडी, त्यांच्याकडे होता. धावणारा रनिंग बॅक हवा होता. मालक आर्ट मोडेल यांचा कल लॉरेन्स फिलिप्सकडे होता. त्याच्या मैदानाबाहेरच्या वागण्याचा प्रश्न तेव्हाही सगळ्यांना माहीत होता, पण गरज लागली की माणूस अशा गोष्टींकडे काणाडोळा करतो. ऑझी न्यूसम मात्र यादीला चिकटून राहिले आणि त्यांनी जोनाथन ऑग्डेनला घेतलं. जागा नव्हती म्हणून तो पहिल्या वर्षी शेजारच्या गार्डच्या जागेवर खेळला, दुसऱ्या वर्षी लेफ्ट टॅकल झाला आणि 2013 मध्ये हॉल ऑफ फेममध्ये पोचला. फिलिप्सला सहाव्या नंबरवर रॅम्सनी घेतलं आणि दुसरा मोसम संपायच्या आत सोडूनही दिलं.

2005 मध्ये ग्रीन बे पॅकर्सनी 24 व्या नंबरवर ॲरन रॉजर्स घेतला, तेव्हा ब्रेट फाव्र तिथे ठाण मांडून बसला होता. क्वार्टरबॅक एका वेळी एकच खेळतो, म्हणजे ही निवड तर शुद्ध चैनच! रॉजर्स 3 वर्षं बाकावर बसला. पण फाव्र तेव्हा 35 वर्षांचा होता, आणि हेच पॅकर्सनी बघितलं. 2010 च्या मोसमात रॉजर्सनं त्यांना सुपर बोल जिंकून दिला.

आता दुसरी बाजू. 'गुणवत्ता, गुणवत्ता' म्हणत डोळे मिटून चालणाऱ्यांसाठी डेट्रॉइट लायन्स आहेतच. 2003, 2004 आणि 2005 अशी सलग 3 वर्षं त्यांनी पहिल्या दहात वाइड रिसीव्हर घेतला. 2005 मध्ये आधीचे दोघे विशीतलेच होते. म्हणजे रिसीव्हरची गरज त्या सप्टेंबरमध्ये नव्हती आणि पुढच्या 3 वर्षांतही दिसत नव्हती. त्यांनी दहावा नंबर माइक विल्यम्सवर खर्च केला. अकराव्यावर डॅलस काउबॉइजनी डीमार्कस वेअर उचलला, जो पुढे हॉल ऑफ फेममध्ये गेला. 2008 मध्ये लायन्स 16 पैकी 16 सामने हरले.

मला यातून दिसतं ते असं : गरज बघायचीच नाही असं नाही, ती आजची बघायची नाही. तिसऱ्या वर्षी या पोराला जागा असेल का, हा खरा प्रश्न. ऑग्डेनला होती, रॉजर्सला होती, माइक विल्यम्सला नव्हती.

यावर सगळ्यात कठीण परीक्षा सिनसिनाटी बेंगल्सची. 2020 मध्ये त्यांचा क्वार्टरबॅक जो बरो गुडघा मोडून घरी बसला. सगळे म्हणत होते, त्याला वाचवणारा पेनेई सूएल घ्या. त्यांनी 2021 मध्ये पाचव्या नंबरवर जामार चेस हा रिसीव्हर घेतला. त्या मोसमात बरो 51 वेळा सॅक झाला, म्हणजे चेंडू हातात असतानाच आडवा झाला. तरीही संघ सुपर बोलला पोचला, तिथे बरो आणखी 7 वेळा आडवा झाला आणि बेंगल्स 23-20 नं हरले. सूएलही पुढे अव्वल निघाला. मग चुकलं का? मला नाही वाटत. पुढच्याच मार्चमध्ये बेंगल्सनी बाजारातून पैसे मोजून 3 अनुभवी लाइनमन आणले. लाइनमन असे विकत आणता येतात, चेस मिळत नाही. पण तोवर मार बरोच्या अंगावर पडला, हेही विसरू नये. गुणवत्तेची किंमत कोणीतरी मोजतोच.

मग एवढं कळत असून लोक भोकच का बुजवतात? कारण निवडणाऱ्याची नोकरी पुढच्या मोसमावर अवलंबून असते. तिसऱ्या वर्षी तो खुर्चीत असेलच असं नाही. आपल्या धंद्यातही हेच चालतं ना? प्रोजेक्टला सोमवारी माणूस हवा असतो, म्हणून रेझ्युमेवर अमुक टूलचं नाव आहे की नाही एवढंच बघतात. वर्षभरात टूल बदलतं, माणूस तोच राहतो. मॅनेजर तेवढ्यात दुसऱ्या प्रोजेक्टवर गेलेला असतो :-)

गंमत म्हणजे, खेळाडूंची अशी थंड डोक्यानं यादी करायची पद्धत ज्यांनी रुजवली, त्यांत आपल्यातलाच एक होता. 1960 च्या दशकात डॅलस काउबॉइजसाठी कॉम्प्युटरवर हे काम केलं सलाम कुरेशी या मूळच्या भारतीय माणसानं. त्याला फुटबॉलची माहिती नव्हती. स्काउट लोकांच्या मतांना आकडे द्यायचे आणि घाई, भीती, आवडनिवड बाजूला ठेवायची, एवढंच काम.

तेव्हा पुढच्या वेळी तुम्ही कोणाचा इंटरव्ह्यू घ्याल, तेव्हा रिकामी खुर्ची जरा बाजूला सारून समोरच्या माणसाकडे बघा. खुर्चीची सोय होते हो!