शेळी, योग आणि आपण

दिवाळीच्या सुट्टीनंतरची गोष्ट. कॅन्टीनमध्ये आमच्या घोळक्यात रविवारचा बेत शिजत होता. मुळशीच्या बाजूला उघड्या माळावर योगवर्ग भरतो आणि आसने चालू असताना अंगाखांद्यावरून करडे बागडतात, अशी बातमी एका मैत्रिणीने आणली होती. परदेशातल्या अशाच एका वर्गाचे चित्रण तिने मोबाईलवर दाखवले. गाडी कोणाची, चटया कोणाच्या, फोटो कोण काढणार, सारे पाच मिनिटांत ठरले. तेवढ्यात एकीने मला विचारले, "तू मुळशीचीच ना? शेळ्या चावतात का गं?"

"मला काय माहीत!" मी म्हणाले.

हे धडधडीत खोटे होते. आमच्या पडवीत चार शेळ्या बांधलेल्या असतात. माझी पहिल्या वर्षाची फी भरायला आईने एक बोकड विकला होता. हा लेख त्या खोट्याची भरपाई आहे, असे वाचकांनी समजावे.

ही कल्पना मूळची अमेरिकेतली. ओरेगॉन राज्यातल्या लेनी मोर्स या बाईंनी 2016 साली आपल्या शेतावर शेळ्यांच्या संगतीत योगवर्ग सुरू केला. आजारपणाच्या दिवसांत शेळ्यांजवळ बसून त्यांना बरे वाटत असे, त्यातून हे निघाले. बघता बघता त्याचे लोण देशोदेशी पसरले.

हे ऐकून पहिल्यांदा हसू येते. ज्या लोणावळ्यात स्वामी कुवलयानंदांनी 1924 साली कैवल्यधाम स्थापून योगाला प्रयोगशाळेत नेले, ते आमच्या तालुक्याला लागूनच आहे. बी. के. एस. अय्यंगार 1937 साली पुण्यात शिकवायला आले आणि 1975 साली त्यांची संस्था इथेच उभी राहिली. अशा मुलखात योग सातासमुद्रापार जाऊन पाठीवर करडू घेऊन परत यावा, याला काय म्हणावे? आपल्याकडे भुजंगासन आहे, उष्ट्रासन आहे, मयूरासन आहे, गोमुखासन आहे. शेळीच्या नावाचे आसन मात्र माझ्या तरी ऐकिवात नाही.

पण नुसते हसणे सोपे आहे. अय्यंगारांनीही दोर, ठोकळे, खुर्च्या वापरल्या. ज्यांचे शरीर वाकत नाही, त्यांनाही आसन साधावे हा त्यामागचा हेतू. करडू अंगावर चढले की अवघडलेला माणूस हसतो, चारचौघांत वाकण्याची लाज विसरतो. एवढे झाले तरी थोडे नाही. फरक इतकाच, की ठोकळ्याला तहान लागत नाही आणि खुर्चीला आई नसते.

त्या संध्याकाळी मी तेच चित्रण आईला दाखवले. मला वाटले, ती पदराआड हसेल. तिने दोनदा नीट पाहिले आणि म्हणाली, "करडाचं पाय घसरत्यात बघ त्या चटईवर. आन् त्याची आई कुठंय?" थोड्या वेळाने पुन्हा विचारले, "शेळीवाल्याला काय देत्यात?"

माझी आई शाळेत चौथीपर्यंतच गेली. पण आमच्या साऱ्या बेतात जे प्रश्न कोणालाच सुचले नव्हते, ते तिने चहाचे आधण उकळेपर्यंत विचारले. माझे म्हणणे असे, की अशा वर्गाला अवश्य जावे. पण हे प्रश्न बरोबर घेऊन जावे.

पहिला प्रश्न जनावराचा. शेळीला उंचावर चढायची उपजतच हौस असते, म्हणून करडू पाठीवर चढते. त्यासाठी त्याला ढकलावे लागत नाही. ढकलावे लागत असेल, तर त्याची इच्छा नाही, असे समजावे. करडू हलके असते, पण वाढलेली उस्मानाबादी शेळी तीस किलोच्या आसपास भरते; ती कोणाच्या कण्यावर चढवू नये. पिणारे करडू आईपासून तासन्‌तास दूर ठेवू नये. आंत्रविषार आणि पीपीआरची लस टोचलेली आहे का, हे विचारावे. नंतर साबणाने हात धुवावेत, आणि गरोदर बाईने या वर्गापासून लांबच राहावे, कारण काही रोग शेळीकडून माणसाला होतात. ही फाजील काळजी नव्हे. इटलीच्या आरोग्य मंत्रालयाने 2024 साली योगवर्गात कुत्र्याची पिल्ले वापरायला मनाई केली, ती पिल्लांच्या आणि माणसांच्या, दोघांच्याही भल्यासाठीच.

दुसरा प्रश्न वेळेचा. शहरातला माणूस म्हणतो, योग पहाटेचा. पण थंडीत आमच्याकडे दव सुकल्याशिवाय शेळ्या सोडत नाहीत. ओले गवत त्यांना बाधते. पावसाळ्यात तर ताम्हिणीच्या बाजूला आभाळच फाटते आणि शेळीला भिजणे मुळीच सोसत नाही. तेव्हा सहाचा वर्ग साडेआठला ठेवला, पावसाळ्यात बंद केला, तर आरोग्याचे काही बिघडत नाही. शेळीने माणसाचे घड्याळ पाळावे, असा हट्ट कशाला?

तिसरा प्रश्न मोबदल्याचा, आणि मला तोच मोठा वाटतो. पुणे जिल्ह्यात शेतकरी आपल्या वावरात धनगराची मेंढरे बसवतात. रात्रभर मेंढरे बसली की लेंडीखत मिळते, आणि त्याबद्दल धनगराला धान्य किंवा पैसे द्यायचे असतात. जनावराच्या नुसत्या बसण्यालाही मोल असते, हे आपल्या अडाणी म्हणवणाऱ्या माणसांना केव्हापासून ठाऊक आहे. मग ज्या वर्गाची सारी गंमत करडांवर उभी आहे, तिथे करडे सांभाळणाऱ्या बाईचा वाटा किती? मुळशीला हा प्रश्न नवा नाही. 1921 साली सेनापती बापट आणि इथले शेतकरी धरणाविरुद्ध सत्याग्रहाला उभे राहिले. तरी धरण झाले, मावळ्यांच्या जमिनी बुडाल्या आणि त्या पाण्यावरची वीज मुंबईला गेली. आज त्याच पाण्याच्या काठी लोक विश्रांतीला येतात. त्यांनी यावे, आनंदाने यावे. पण "शेळी जाते जिवानिशी आणि खाणारा म्हणतो वातड" ही म्हण ज्या समाजाने केली, त्याने तरी हिशेब चोख ठेवावा.

आणि चौथा प्रश्न माझा मलाच आहे. परक्या माणसाने पैसे मोजून करडू उचलले, की ते गोजिरवाणे. आणि आमच्या पडवीतले करडू म्हणजे लपवायची गोष्ट, असे मला का वाटले? घरात पहिल्यांदाच कोणी कॉलेजात गेले, की लेंडीचा वास कपड्यांना लागू नये म्हणून ते जपून बसते. माझ्यासारख्या अनेक जणी बसमध्ये पौडपासून चांदणी चौकापर्यंत गावाची बोली हळूहळू उतरवून ठेवतात. आपण पुस्तकातून ग्रामीण साहित्य वाचतो, त्यावर दहा गुणांचे उत्तर लिहितो, आणि शेळी चावते का याचे उत्तर ठाऊक असून देत नाही. उंटावर बसून शेळ्या हाकणारा शहाणा म्हणतात, तो दुसरा कोण?

शेळी सहसा चावत नाही. तिला वरच्या बाजूला पुढचे दात नसतात. मात्र ओढणी, वही आणि वेणीचे टोक सांभाळावे. सोमवारी हे सारे मी घोळक्यात सांगितले, बोकडाची गोष्टही सांगितली. क्षणभर कोणी बोलले नाही. मग जिने पहिला प्रश्न विचारला होता, तिनेच विचारले, "मग जाताना तुमच्याकडे थांबायचं का?"

घरी आल्यावर आईला विचारले. ती म्हणाली, "येऊ द्या की. पण दव सुकल्यावर या म्हणावं."

(द्वितीय वर्ष कला)