प्रवेश मिळाला, पुढे?

विद्यापीठाच्या प्रमुखपदी एखादी बाई आली की आपल्याला आनंद होतो, आणि तो व्हायलाच हवा. ‘पहिली महिला’ असा मथळा छापून येतो, सत्कार होतात, शाल-श्रीफळ होते. मग वर्ष-दोन वर्षे जातात. मुलींच्या वसतिगृहाची प्रतीक्षा यादी लांबतच राहते. शिष्यवृत्तीचे पैसे परीक्षा उलटून गेल्यावर जमा होतात. पहिल्या वर्षाच्या पटावरची नावे दुसऱ्या वर्षी गळतात. आणि त्या पहिल्या महिलेने या सगळ्याचे काय केले, हे विचारायचे मात्र राहून जाते. सत्तेच्या जागी बायका हव्यात ही आपली मागणी जुनी आहे. त्या जागेवर पोहोचलेल्या बाईकडून नेमके काय मागायचे, याचा विचार मात्र आपण कमी केला आहे. तो एका प्रत्यक्ष कारकिर्दीच्या आधाराने करावा, म्हणून हे संपादकीय.

ही कारकीर्द अमेरिकेतल्या रूथ सिमन्स या कृष्णवर्णीय बाईंची आहे. ती आपल्याला परकी वाटू नये. जोतीराव फुल्यांनी १८७३ साली ‘गुलामगिरी’ लिहिले तेव्हा ते अर्पण केले अमेरिकेतल्या गुलामांच्या मुक्ततेसाठी झटणाऱ्या लोकांना. तिथल्या गुलामाची बेडी आणि इथल्या शूद्रातिशूद्रांची बेडी यांचे नाते त्यांनी तेव्हाच ओळखले होते. बेडी कायद्याने तुटली, पण त्या माणसांच्या लेकींचे पुढे काय झाले, हा प्रश्न दोन्हीकडे उरलाच.

रूथ सिमन्स १९४५ साली टेक्सासमधल्या ग्रेपलँड या गावी जन्मल्या. आईवडील दुसऱ्याच्या जमिनीवर वाट्याने राबणारे. बारा भावंडांत ही धाकटी. पुढे कुटुंब ह्यूस्टन शहरात आले आणि आई लोकांच्या घरची कामे करू लागली. रूथ पंधरा वर्षांची असताना आई गेली. शिकण्याची वाट दाखवली ती शाळेतल्या शिक्षिकांनी. कॉलेजला जायचे तर धड कपडेही नव्हते, तेही त्यांनीच पुरवले. शिष्यवृत्तीवर न्यू ऑर्लिन्सच्या डिलार्ड या कृष्णवर्णीयांच्या विद्यापीठातून त्या १९६७ साली पदवीधर झाल्या. मधले एक वर्ष वेलस्ली या महिला महाविद्यालयात काढले. तिथे संस्थेच्या प्रमुखपदी बाई असते हे त्यांनी पाहिले. १९७३ साली त्यांनी हार्वर्डमधून फ्रेंचसारख्या रोमान्स भाषांच्या साहित्यात डॉक्टरेट मिळवली.

इथपर्यंतची गोष्ट आपल्या ओळखीची आहे. गरीब घरातली हुशार मुलगी शिकली आणि मोठी झाली. अशा गोष्टी बक्षीस समारंभात सांगायला सोयीच्या असतात. त्यांतून निघणारा अर्थही व्यवस्थेच्या सोयीचा असतो: एक पोहोचली, म्हणजे वाट मोकळी आहे, बाकीच्या पोहोचत नाहीत, म्हणजे त्याच कमी पडतात. रूथ सिमन्स यांच्या कारकिर्दीचे मोल आम्हाला वाटते ते पुढच्या भागात. आपण वर आलो त्या शिडीच्या कोणत्या पायऱ्या मोडक्या होत्या हे त्यांनी लक्षात ठेवले, आणि अधिकार हाती आल्यावर त्या दुरुस्त करायला घेतल्या.

१९९५ साली त्या स्मिथ या नामवंत महिला महाविद्यालयाच्या अध्यक्ष झाल्या. तिथले अध्यक्षपद म्हणजे साधारण आपल्याकडच्या कुलगुरूपदासारखे. त्या काळातली दोन कामे पाहण्यासारखी आहेत. पहिले, १९९९ मध्ये तिथे अभियांत्रिकीचा पदवी अभ्यासक्रम सुरू झाला. अमेरिकेतल्या महिला महाविद्यालयातला हा असा पहिलाच अभ्यासक्रम होता. मुलींसाठी खास संस्था काढायची आणि तिथे ‘मुलींना साजेसे’ विषय शिकवायचे, या समजुतीला त्यांनी कामाने उत्तर दिले. दुसरे काम कमी गाजले, पण आम्हाला ते जास्त मोलाचे वाटते. शिकत असताना मोठ्या संस्थांत बिनपगारी उमेदवारी करण्याची तिथे पद्धत आहे. पुढची नोकरी पुष्कळदा त्या ओळखीवर मिळते. पण सुट्टीत कमावल्याशिवाय ज्यांचे भागत नाही, त्या मुली दोन महिने फुकट राबणार कशा? महाविद्यालयाने प्रत्येक मुलीला अशा एका उमेदवारीसाठी पैसे देण्याची हमी घेतली. गरीब मुलगी मागे पडते ती वर्गात, असे आपण समजतो. ती मागे पडते ती वर्गाबाहेरच्या अशा खर्चांमुळे, आणि ते खर्च कुठल्याच फीच्या तक्त्यात छापलेले नसतात.

२००१ साली त्या ब्राउन विद्यापीठाच्या अध्यक्ष झाल्या. अमेरिकेतल्या सर्वांत जुन्या आणि प्रतिष्ठित अशा आठ विद्यापीठांचा जो गट आहे, त्यांपैकी एकाच्या प्रमुखपदी कृष्णवर्णीय व्यक्ती येण्याची ही पहिलीच वेळ. तोवर ब्राउनमध्ये काही प्रवेश देताना घरची पैसे भरण्याची ऐपत विचारात घेतली जात असे. २००३ साली दाखल झालेल्या तुकडीपासून अमेरिकी विद्यार्थ्यांसाठी ही पद्धत बंद झाली. आधी गुणांवर निवड, मग लागेल तेवढी मदत. परदेशी विद्यार्थ्यांना हाच नियम लागू व्हायला मात्र २०२५ उजाडले. २००४ मध्ये सिडनी फ्रँक या उद्योजकाने विद्यापीठाला शिष्यवृत्तीसाठी १० कोटी डॉलर दिले. हा माणूस तरुणपणी ब्राउनमध्येच एक वर्ष शिकला होता आणि पैसे नाहीत म्हणून सोडून गेला होता. २००८ मध्ये आणखी एक निर्णय झाला. वर्षाला एक लाख डॉलरपेक्षा कमी उत्पन्न असलेल्या घरांतल्या मुलांना दिल्या जाणाऱ्या मदतीतून कर्जाचा भाग काढून टाकला आणि त्याजागी अनुदान आले. कर्ज काढून शिकलेली मुलगी पदवीनंतर आवडीचे काम निवडू शकत नाही. तिला हप्ता निवडावा लागतो.

पैशांइतकाच अवघड होता इतिहासाचा प्रश्न. विद्यापीठाला ज्या ब्राउन घराण्याचे नाव आहे, त्या घराण्यातले लोक गुलामांच्या व्यापारात होते. २००३ साली रूथ सिमन्स यांनी हा संबंध तपासण्यासाठी समिती नेमली आणि २००६ साली तिचा अहवाल जाहीर झाला. १७६४ साली ब्राउन बंधूंनी पाठवलेल्या ‘सॅली’ या जहाजावर १९६ आफ्रिकी माणसे चढवली गेली आणि त्यांपैकी किमान १०९ मेली, ही हकीकत विद्यापीठाने स्वतःच्या नावाने छापली. विद्यापीठाच्या सर्वांत जुन्या इमारतीच्या बांधकामात गुलामांचे श्रम होते, हेही नोंदवले. एखादी संस्था ‘आम्ही सर्वांना सामावून घेतो’ म्हणते तेव्हा, आजवर कोणाला बाहेर ठेवले आणि कोणाच्या घामावर उभे राहिलो, हे तिने आधी सांगायला हवे.

पण इथेच आपण थोडे सावध व्हायचे. अहवालानंतर २००७ मध्ये विद्यापीठाने शहरातल्या सरकारी शाळांतल्या मुलांसाठी १ कोटी डॉलरचा निधी उभारण्याचे जाहीर केले. ती रक्कम पूर्ण व्हायला २०२० साल उजाडले. सत्य सांगायला तीन वर्षे लागली आणि भरपाईला त्याहून दहा वर्षे जास्त. शिवाय २००० ते २०१० या काळात रूथ सिमन्स गोल्डमन सॅक्स या बलाढ्य वित्तसंस्थेच्या संचालक मंडळावर होत्या आणि २००८ च्या आर्थिक पडझडीनंतर त्यावर टीकाही झाली. ही टीका आम्ही झाकून ठेवू इच्छित नाही. गरीब मुलांना मोफत शिकवायला पैसा हवा, आणि मोठा पैसा जिथे असतो तिथल्या टेबलाशी बसावे लागते, हा पेच खाजगी विद्यापीठांचा आहे. बाई प्रमुख झाली म्हणून तो सुटत नाही. शिक्षणाचा खर्च ही सरकारची जबाबदारी आहे, असे आपली चळवळ म्हणत आली आहे ते यासाठीच.

सत्तरी ओलांडल्यावर, २०१७ मध्ये, त्या टेक्सासला परतल्या आणि प्रेअरी व्ह्यू ए अँड एम या सरकारी विद्यापीठाची धुरा त्यांनी घेतली. १८७६ साली स्थापन झालेले हे कृष्णवर्णीयांचे विद्यापीठ, एके काळी गुलाम राबत होते त्या मळ्याच्या जागेवर उभे आहे. २०२० मध्ये मॅकेन्झी स्कॉट यांनी या विद्यापीठाला ५ कोटी डॉलरची देणगी दिली. त्यातले १ कोटी डॉलर बाजूला काढले ते करोनाच्या संकटात फी थकलेल्या वरच्या वर्गांतल्या विद्यार्थ्यांसाठी. देणगीतून कमान उभारता आली असती, पुतळाही उभा राहिला असता. इथे शेवटच्या एका-दोन वर्षांवर अडकलेल्या मुलांची बाकी भरली गेली.

‘विद्यार्थ्याचे यश’ या शब्दांचा खरा अर्थ इथे सापडतो. आपल्याकडे यश म्हणजे गुणवत्ता यादीतला फोटो आणि क्लासच्या फलकावरचे नाव. जी मुलगी घरातली पहिली शिकणारी आहे, तिचे यश म्हणजे सुरू केलेले शिक्षण पुरे होणे. तिच्याबाबतीत प्रवेश ही अर्धीच लढाई असते.

रूथ सिमन्स यांच्या कारकिर्दीचा शेवट आपल्याला आणखी एक गोष्ट शिकवतो. त्यांनी पद सोडण्याचे आधीच जाहीर केले होते. उत्तराधिकारी येईपर्यंत त्या थांबणार होत्या. पण शेवटच्या महिन्यांत आपल्या अधिकारांवर मर्यादा येणार असे समजल्यावर, नावापुरते अध्यक्ष राहायचे नाही असे सांगून २०२३ च्या फेब्रुवारीत त्या ठरल्या वेळेआधीच बाजूला झाल्या. त्याच वर्षी जूनमध्ये अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाने प्रवेश देताना वंशाचा विचार करण्याची हार्वर्डसारख्या विद्यापीठांची पद्धत घटनाबाह्य ठरवली. या खटल्यात २०१८ साली रूथ सिमन्स यांनी त्या पद्धतीच्या बाजूने साक्ष दिली होती. टेक्सास राज्याने तर सरकारी विद्यापीठांतली विविधता आणि समावेशनाची कार्यालयेच कायद्याने बंद केली. १ जानेवारी २०२४ पासून हा कायदा लागू झाला. पन्नास-साठ वर्षांत मिळवलेले असे काही महिन्यांत मागे जाऊ शकते. राखीव जागांवर रोज उठून बोटे मोडणारे लोक आपल्याही आजूबाजूला आहेत, म्हणून ही गोष्ट दूरची मानू नये.

मग आपण काय करायचे? महाराष्ट्रात ८ जुलै २०२४ च्या शासन निर्णयाने आर्थिकदृष्ट्या दुर्बल, सामाजिक व शैक्षणिकदृष्ट्या मागास आणि इतर मागास प्रवर्गांतल्या, ८ लाखांपर्यंत वार्षिक उत्पन्न असलेल्या कुटुंबांतल्या मुलींना व्यावसायिक अभ्यासक्रमांचे शिक्षण शुल्क आणि परीक्षा शुल्क माफ झाले. पाऊल चांगले आहे. पण खोलीभाडे, खानावळ, प्रवास आणि पुस्तके शुल्कात मोडत नाहीत, आणि वस्तीतल्या वा पाड्यावरच्या मुलीचे शिक्षण अडते ते याच ठिकाणी. म्हणून आपापल्या जिल्ह्यातल्या महाविद्यालयाच्या प्राचार्यांना आणि विद्यापीठाच्या कुलगुरूंना, मग ते बाई असोत वा पुरुष, संघटनांनी काही साधे प्रश्न लेखी विचारावेत. पहिल्या वर्षाला दाखल झालेल्या मुलींपैकी किती जणी शेवटच्या वर्षाला बसल्या? दलित, आदिवासी, भटक्या-विमुक्त आणि मुस्लिम मुलींचे आकडे वेगळे ठेवले आहेत का? शिष्यवृत्ती उशिरा आली तर तोवर त्या मुलीला परीक्षेला बसू देतात की दारात उभे करतात? वसतिगृहात जागा न मिळालेल्या मुली राहतात कुठे? लैंगिक छळाच्या तक्रारींसाठीच्या अंतर्गत समितीची आणि जातीय भेदभावाच्या तक्रारी ऐकणाऱ्या व्यवस्थेची माहिती मुलींना कोण देते, आणि कोणत्या भाषेत?

आकडे ठेवलेलेच नाहीत असे उत्तर आले, तरी ते उत्तरच आहे. ते जपून ठेवावे आणि पुढच्या वर्षी पुन्हा जावे. मोठ्या खुर्चीवर बसलेली बाई आपली असेल, तर तिला या प्रश्नांचा त्रास वाटणार नाही. वरून दबाव येतो तेव्हा खाली उभ्या असलेल्या संघटनेचा तिला आधारच होईल. सत्काराची शाल आपण जरूर घालावी, पण तिच्यासोबत ही प्रश्नांची यादीही हातात द्यावी.