कायदा आणि आपण : सही करण्यापूर्वी

प्रश्न : आमचे घराणे तंजावरचे मराठी. लग्नाला २१ वर्षे झाली. आता आम्ही परस्परसंमतीने घटस्फोट घेत आहोत. पती बारा वर्षे आखातात नोकरीला होते. त्यांनी पाठविलेल्या पैशांतून मी जातीने लक्ष घालून घर बांधून घेतले. ते त्यांच्या नावावर आहे. मी कधी नोकरी केली नाही. माझे दागिने, चांदीची भांडी व माहेरची तंजावरी तबके सासूबाईंच्या कपाटात आहेत. अर्जाच्या मसुद्यात ५ लाख रुपये घेऊन ‘यापुढे माझा कशावरही हक्क नाही’ असे वाक्य आहे. सही करू का?
— एक भगिनी, तंजावर

उत्तर : त्या वाक्याखाली सही करू नका. तीन गोष्टींचा हिशेब वेगवेगळा व्हायला हवा.

पहिली गोष्ट स्त्रीधनाची. लग्नात आपल्याला मिळालेले दागिने, भांडी व भेटवस्तू आपल्या एकटीच्या मालकीच्या आहेत. सासूबाईंकडे त्या केवळ विश्वासाने ठेवलेल्या आहेत. मागूनही परत न देणे हा फौजदारी विश्वासघात ठरू शकतो, असे सर्वोच्च न्यायालयाने १९८५ सालीच सांगितले आहे. पोटगीच्या रकमेत स्त्रीधन धरू देऊ नका. लग्नाचे फोटो, सराफाच्या पावत्या, आहेराची यादी शोधून ठेवा.

दुसरी गोष्ट घराची. गोव्याचा कायदा निराळा. पण हिंदू विवाह कायद्यात घटस्फोटानंतर निम्मी मालमत्ता आपोआप पत्नीची होत नाही. तरीही निराश होऊ नका. जून २०२३ मध्ये मद्रास उच्च न्यायालयापुढे आपल्यासारखेच प्रकरण होते. पती सौदी अरेबियात कमवीत होता, पत्नी इकडे घर-मुले सांभाळीत होती. तिने घर सांभाळले म्हणूनच तो कमवू शकला, तेव्हा त्या मिळकतीत तिचा वाटा बरोबरीचा, असे न्यायालयाने म्हटले. अर्थात प्रत्येक प्रकरण पुराव्यावर ठरते. बँकेची पासबुके, सिमेंट-विटांची बिले, आपल्या हस्ताक्षरातली जमाखर्चाची वही जपून ठेवा.

तिसरी गोष्ट पोटगीची. कलम २५ नुसार ती एकरकमी किंवा दरमहा मिळू शकते आणि पतीच्या स्थावर मालमत्तेवर तिचा बोजाही ठेवता येतो. पोटगीच्या प्रकरणात दोघांनीही उत्पन्न व मालमत्तेचे प्रतिज्ञापत्र द्यावे, असा सर्वोच्च न्यायालयाचा २०२० चा निकाल आहे. ते पाहिल्याशिवाय ५ लाख पुरेसे की अपुरे, हे कसे ठरविणार?

पहिल्या अर्जानंतर साधारणपणे सहा महिन्यांनी पुन्हा संमती द्यावी लागते व हुकूमनामा होईपर्यंत संमती मागे घेता येते. मात्र हक्कसोड लिहून दिल्यावर ती निस्तरणे फार कठीण. म्हणून मसुदा आधी स्वतःच्या वकिलाला दाखवा. वकिलाची फी परवडत नसेल, तर जिल्हा विधी सेवा प्राधिकरणाकडे अर्ज करा. तेथे स्त्रियांना उत्पन्नाची अट न लावता मोफत वकील मिळतो.