रंगावर जाऊ नका!

बालमित्रांनो,

मासा कसा ओळखायचा? "रंगावरून!" असं तुम्ही पटकन म्हणाल. मीही तसंच म्हणालो होतो आणि सपशेल फसलो. ऐका तर.

श्रावणातली गोष्ट. लातूर जिल्ह्यातल्या एका पाझर तलावावर मी चौथीच्या मुलांना घेऊन गेलो होतो. काठाजवळ, पाण्याच्या अगदी वर, बोटाच्या पेराएवढ्या लाल-केशरी माशांचा घोळका दिसला. "कुणीतरी काचेच्या टाकीतले शोभेचे मासे सोडलेत," मी ठोकून दिलं. झालं! मुलांनी वीसेक मासे बाटलीत घेतले, काठोकाठ पाणी भरलं, बूच घट्ट लावलं आणि बाटली वर्गात ठेवली. दुसऱ्या दिवशी सकाळी पाहतो तर सगळे मासे मेलेले.

तेव्हा भोयांच्या घरची एक मुलगी हळूच म्हणाली, "सर, ते मरळीचे पिल्लं होते. त्यांला हवा घ्यायला वर यावं लागतं."

"मग काल का नाही बोललीस गं?"

"तुम्हीच शोभेचे म्हणलात ना, सर..."

यावर मी काय बोलणार?

मरळ मोठी झाली की काळपट-तपकिरी दिसते, पण तिची पिल्लं लाल-केशरी असतात. ती घोळक्यानं राहतात आणि आई-बाप आसपास राहून त्यांची राखण करतात. मरळ पाण्याबाहेरची हवाही घेते, म्हणून तर आटत चाललेल्या तळ्याच्या चिखलातही ती तग धरते. बुचाच्या बाटलीत मात्र हवेला जागाच नव्हती. आम्ही मासा ओळखला असता, तर असं केलंच नसतं.

रंगानं फसणारा मी एकटाच नाही बरं का! कॅलिफोर्नियाच्या किनाऱ्यालगत समुद्रात केल्प नावाच्या शेवाळाची जंगलं आहेत. हे शेवाळ तीस मीटरपेक्षाही उंच वाढतं. तिथं रॅस कुळातला शीपहेड नावाचा मासा राहतो. तो जन्मतो मादी म्हणून, तेव्हा रंग गुलाबीसर. पुढे त्यातल्या काही माद्या चक्क नर होतात! मग डोकं आणि शेपटी काळी, मधला भाग लाल. तिकडे युरोपात कुकू रॅस आहे. त्याचा नर निळा-केशरी, तर मादी केशरी-गुलाबी आणि पाठीवर काळे ठिपके. जुन्या अभ्यासकांनी या दोघांना वेगळ्या जाती समजून दोन नावं दिली होती. मोठमोठे पंडित फसले, तिथं माझी काय कथा!

मग पाहायचं तरी काय? अंगाची ठेवण. नांदेडला किंवा लातूरला मासळीबाजारात गेलात, तर नीट निरखा. कटल्याचं डोकं मोठं आणि तोंड वर वळलेलं, कारण तो पाण्याच्या वरच्या थरात खातो. मृगलाचं तोंड खालच्या बाजूला, कारण तो तळाशी चरतो. रोहूच्या ओठांना झालरीसारखी किनार असते. मरळीचं डोकं सापासारखं, तोंड मोठं आणि पाठीवरचा पर डोक्यामागून थेट शेपटीजवळ पोचलेला. पिल्लू असो की मोठी मरळ, हा लांब पर काही बदलत नाही!

तर दोस्तांनो, एक वही करा. दिसेल त्या माशाचं चित्र काढा आणि पाच गोष्टी लिहा: तोंड कुठं वळलंय, मिशा आहेत का, खवले आहेत का, पाठीवरचा पर केवढा, शेपटी कशी. रंग सगळ्यात शेवटी! मासे बाटलीत भरू नका, काठावरूनच पाहा. आणि गावातल्या मासे धरणाऱ्या काकांना, मावशींना नावं विचारा.

आणखी एक. गुरुजी चुकले, तर बिनधास्त हात वर करा. त्या दिवशी एक हात वर झाला असता, तर वीस पिल्लं वाचली असती.

तुमचे,
सर