पबचे दार कोणी उघडले?

इंग्रजी पबविषयी आपल्याकडे दोन टोकांची मते आढळतात. इंग्रजी कादंबऱ्यांवर पोसलेल्या वाचकाच्या डोळ्यांपुढे शेकोटी, वापराने गुळगुळीत झालेले लाकडी काउंटर आणि गिऱ्हाइकाला नावाने हाक मारणारा मालक उभा राहतो. तर ज्याने केवळ कोपऱ्यावरचा गुत्ता पाहिला आहे, त्याला पब म्हणजे गुत्त्याचीच सुटाबुटातील आवृत्ती वाटते. 'पब' हे 'पब्लिक हाऊस'चे लघुरूप. हे घर सर्वांचे, असे त्याचे नावच सांगते. परंतु या नावातील 'सार्वजनिक' हा शब्द खरा ठरविण्यासाठी इंग्लंडात ज्यांना झगडावे लागले, त्यांत आपलेच देशबांधव होते.

बिहारमधील मोतिहारी येथे जन्मलेल्या जॉर्ज ऑर्वेल यांनी फेब्रुवारी १९४६ मध्ये लंडनच्या 'इव्हिनिंग स्टँडर्ड'मध्ये आपल्या मनातील आदर्श पबचे वर्णन केले आणि असा पब कोठेही अस्तित्वात नाही, अशी कबुलीही त्याच लेखात देऊन टाकली. तेथे गप्पा मारता येतील इतकी शांतता हवी, रेडिओ नको, बिअर चिनी मातीच्या मगातून मिळावी, अशा त्यांच्या अटी होत्या. गिऱ्हाइकाच्या कातडीचा रंग पाहिला जाऊ नये, ही अट मात्र त्यांच्या यादीत नाही. तिची गरज पुढल्या दोन दशकांत भासली.

बर्मिंगहॅमला लागून असलेल्या स्मेदिक गावातील ओतकामाच्या कारखान्यांत पंजाबी मजूर मोठ्या संख्येने काम करीत. दिवसभर भट्टीपुढे भाजून निघालेला हा मजूर संध्याकाळी पबमध्ये गेला, की कोठे त्याला सरळ नकार मिळे, तर कोठे एका ठरावीक खोलीतच बसण्याची मुभा असे. इंडियन वर्कर्स असोसिएशनचे अवतारसिंग जौहल यांनी यावर शोधलेला मार्ग मोठा नामी होता. विद्यापीठातील गोऱ्या विद्यार्थ्यांनी आधी आत जाऊन बिअर मागवावी. मागाहून भारतीयांनी जावे. त्यांना नकार मिळाला, की त्या विद्यार्थ्यांनी साक्षीदार व्हावे. आणि हा पुरावा पुढे करून पबच्या परवान्यालाच हरकत घ्यावी! १२ फेब्रुवारी १९६५ रोजी अमेरिकेतील कृष्णवर्णीयांचे नेते मॅल्कम एक्स स्मेदिकला आले, तेव्हा जौहल त्यांना 'ब्लू गेट्स' या पबमध्ये घेऊन गेले. खास दालनात त्यांना काही देण्यास नकार मिळाला. यानंतर नऊ दिवसांनी न्यूयॉर्कमध्ये मॅल्कम एक्स यांची हत्या झाली. त्याच वर्षअखेरीस ब्रिटिश पार्लमेंटच्या वंशसंबंध कायद्याने सार्वजनिक ठिकाणचा वर्णभेद बेकायदा ठरविला. घरे आणि नोकऱ्या त्यातून सुटल्याच. त्यासाठी १९६८ उजाडावे लागले.

यावर आपण फार नाक वर करण्याचे कारण नाही. दुकाने, उपाहारगृहे, हॉटेले यांत जातीवरून कोणाला मज्जाव करता येणार नाही, हे आपल्या राज्यघटनेने ब्रिटिशांच्या आधी पंधरा वर्षे, १९५० मध्येच लिहून ठेवले हे खरे. पण त्यानंतरही चहाच्या दुकानाबाहेरच्या वळचणीला दलितांसाठी ठेवलेली वेगळी कपबशी महाराष्ट्रातील गावांनी पाहिली आहे. कायदा दार उघडतो. कप कोणता पुढे करावयाचा, हे काउंटरमागचा माणूस ठरवितो.

इंग्लंडात पुढे काउंटरमागचा माणूसच बदलला. कारखाने बंद पडत गेले, जुनी गिऱ्हाइके पांगली, दुकानातील स्वस्त बिअर घरी नेणे लोकांना परवडू लागले आणि ओस पडलेले अनेक पब भारतीयांनी चालवायला घेतले. 'देसी पब' या नावाने ते आज ओळखले जातात. साउथॉलच्या 'ग्लासी जंक्शन'मध्ये तर बिलापोटी भारतीय रुपयेही चालत. तो पब २०१२ मध्ये बंद झाला. वेस्ट ब्रॉमिचचा 'रेड लायन' पाहावा. फुटबॉलचा सामना चालू असतो, तापलेल्या लोखंडी तव्यावर कांद्यासह कबाब आणि तंदुरी कोंबडी चरचरत येते आणि त्या टेबलाभोवती पंजाबी व गोरी मंडळी एकत्र बसतात. तेथे रंगीत काचांची एक खिडकी बसविली आहे. चर्चमध्ये संतांची चित्रे असतात, तशा काचांतून येथे पंजाबातून आलेल्या मजुरांची कहाणी चितारलेली आहे.

बिअर घरी बसून अधिक स्वस्तात पिता येते. पबमध्ये माणूस जातो तो कोणीतरी ओळख दाखवावी म्हणून. आणि ज्यांना एके काळी ती ओळख नाकारली गेली, तेच आता दारातून आत येणाऱ्याला नावाने हाक मारीत आहेत. जौहल २०२२ मध्ये निवर्तले. ज्या दारांशी ते साक्षीदार घेऊन उभे राहत, तसल्या कित्येक दारांच्या आत आज पंजाबी मालक उभा आहे.